पाठ टेकली तरी कुस्ती चालूच असते

ब्राझिलियन जुजुत्सू, म्हणजे गळा आवळून किंवा सांधा पिळून समोरच्याला शरण आणायची जपानी वळणाची कुस्ती. त्यातल्या पहिल्या स्पर्धेत मी अर्ध्या मिनिटात पट काढून (पाय धरून पाडून) २ गुण घेतले आणि तरी हरलो. समोरच्या पोरानं खालून मला उलटवलं. पाठ मॅटला लागतेय म्हटल्यावर अंगानं आपोआप पोटावर पलटी घेतली. आठ वर्षं तालमीत तेवढंच घोटलेलं, चितपट व्हायचं नाही. इथे मात्र ही पाठ आंदण दिल्यासारखी झाली. त्यानं दोन्ही टाचा माझ्या मांड्यांत आतून अडकवून ४ गुण घेतले, वर माझ्याच कॉलरनं गळा आवळला. टॅप केलं, म्हणजे हातानं थोपटून हार मानली.

तेव्हा पैलवानांनो, हिशेब आधी पाठ करा. पाडलं किंवा खालून उलटवलं तर २, पोटावर गुडघा २, गार्ड (खालच्यानं पायांनी घातलेली आडकाठी) ओलांडला तर ३, माउंट (छाती-पोटावर स्वार होणं) किंवा पाठीवर ताबा ४. डाव तीन सेकंद टिकवावा लागतो. चितपटीला काहीच नाही.

साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे तुम्ही पाठीवर आणि तो बाजूनं छातीवर आडवा, असे दाबले गेलात तर काय करायचं? समजा तो तुमच्या उजव्या अंगाला आहे. उजवा हात त्याच्या कमरेच्या हाडाला लावा, डाव्याचं मनगट-कोपरामधलं हाड त्याच्या गळ्याला. हात ताणून ढकलू नका, ताणलेला हात तो आर्मबारला (कोपर उलटं ताणायच्या डावाला) नेणारच. आधी कंबर उचलून धक्का द्या. त्याचं वजन हललं की कुल्ले मागे सरकवा आणि झालेल्या फटीत उजवा गुडघा घुसवा. गुडघा आत आला की श्वास घ्या, निम्मं काम झालं.

हे अंगात मुरवायला मी दोन महिने सरावाची प्रत्येक लढत खालूनच सुरू केली. दोन मिनिटं, काम एकच, गुडघा आत. पोटावर वळलो की दहा बैठका. पहिल्या आठवड्यात बैठकाच जास्त झाल्या. वस्तादांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "पडलास की रं!"

पट सोडू नका, तो आपला हुकमी डाव. फक्त एकेरी पटात (एकच पाय धरताना) डोकं आतल्या बाजूला, कपाळ त्याच्या बरगडीला भिडवून, नजर वर. डोकं खाली गेलं की गिलोटिन (समोरून काखेत मान धरून गळा आवळणं) बसलाच. त्याआधी तुमच्या कॉलरवरची त्याची पकड दोन्ही हातांनी तोडून घ्या, नाहीतर पायापर्यंत पोचणारच नाही.

आणि वजन. आयबीजेजेएफ या जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानं ते गी (खेळाचा जाड सुती अंगरखा-पायजमा) घालूनच, पहिल्या लढतीच्या तोंडावर होतं. घरच्या काट्यावर लंगोटावर उभं राहून खूश होऊ नका.