सोलापुरात घर घेताना हॉल नंतर, आधी हौद आणि उतारा

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे, कुठंही घर बघायला जा, एजंट आधी हॉल दाखवतो, मग पीओपी, मग किचनचा ओटा, आणि आपण पण त्यातच रमतो, जिना उतरता उतरता भावाचं बोलणं सुरू. माझं म्हणणं एवढंच आहे की सोलापुरात घराचा भाव पाणी आणि कागद या दोन गोष्टींवर ठरतो, त्या नीट बघितल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचाच नाही. घेणाऱ्यानं पण नाही आणि विकणाऱ्यानं पण नाही.

पाण्याचं आधी सांगतो. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी एकदा अशीच सवय आहे, आणि उजनी धरणावरून दुसरी पाइपलाइन आली म्हणून प्रत्येक गल्लीतला गॅप कमी झाला असं धरून चालू नका. मालकाला विचारू नका, तो "भरपूर येतं ओ" असंच म्हणणार. शेजारच्या घरात जाऊन विचारा, "काकू, पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं, किती वेळ असतं, मोटर लावल्याशिवाय चढतं का?" रात्री दोनला येत असेल तर ते पण कळलं पाहिजे, घरात म्हातारी माणसं असतील तर उठणार कोण?

मग हौदाचं झाकण उचलायला लावा. लांबी, रुंदी, खोली टेपनं मोजा. १ घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. चार माणसांच्या घराला दिवसाला ५०० ते ५५० लिटर लागतं, म्हणजे पाच दिवसांचं २७०० च्या आसपास, आणि एखादी पाळी चुकली की संपलंच. ५ बाय ६ चा ५ फूट खोल हौद असेल तर ४२०० लिटर बसतं, एवढा असला की बरं. ४ बाय ४ चा ४ फुटी असेल तर १८०० लिटर, मग उन्हाळ्यात टँकरवाल्याचा नंबर पाठ होतो. आत टॉर्च मारून बघा, भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते दिसतं, रेघ खालीच असेल तर हौद कधी पूर्ण भरतच नाही. बोअर असेल तर चालू करून पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, आणि तो मे महिन्यात पण चालतो का ते भाडेकरूला विचारा. बाथरूमच्या नळावर पांढरा थर जाड बसला असेल तर पाणी जड आहे, गिझर आणि वॉशिंग मशीनचं आयुष्य त्यावरूनच समजा. हद्दवाढ भागात, म्हणजे शहरात नंतर आलेल्या गावांकडं, ड्रेनेज लाईन जोडलीय की सेप्टिक टँकवर चाललंय हे पण याच वेळी विचारून घ्या.

घर बघायला दुपारी तीनला जा, शक्यतो एप्रिल-मे मध्ये. इथं पारा ४२-४३ ला जातो. वरच्या मजल्याचा फ्लॅट आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला, असं असेल तर भिंतीला हात लावून बघा, रात्री अकरापर्यंत ती गरमच राहणार. बऱ्याच भागात खाली काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळं खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर दिसली तर इंजिनिअर नेऊन दाखवा, प्लास्टरची बारीक केसासारखी चीर वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही. पूर्व भागात घर बघत असाल तर कामाच्या दिवशी जा, बाजूला यंत्रमाग असतील तर खडखडाट सुट्टीच्या दिवशी कळत नाही.

आता कागद. इथं घाई करायची नाही.

पेठांमधलं जुनं घर असेल तर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या गावांकडच्या जागेत बऱ्याच ठिकाणी सातबाराच असतो. जे असेल ते स्वतः ऑनलाइन काढा, मालकानं दिलेली झेरॉक्स दोन वर्षांपूर्वीची असू शकते. इतर हक्काचा रकाना वाचा, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तिथं दिसतो. उताऱ्यावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलताना सगळे गुंठ्यात बोलतात, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि १ आर म्हणजे १०७६, "दोन गुंठे" म्हणून सांगितलेली जागा मोजल्यावर १९०० फूट निघाली असं होतं, म्हणून कागदावरचे मीटर गुणिले १०.७६४ करून जागेवर टेप लावा.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते गुंठेवारीत. शेताचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, कधी नुसत्या नोटरीवर, आणि त्यावर आज छान दोन मजली घर उभं. स्वस्त मिळतं म्हणून लोक घेतात. पण नोटरीच्या कागदानं मालकी येत नाही, खरेदीखत रजिस्टर झालेलं लागतं, आणि बँक पण असल्या घराला लोन देत नाही. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना नियमित करायची वाट मिळाली, पण ती आपोआप होत नाही, महापालिकेचा नियमितीकरणाचा दाखला हातात असेल तरच भाव बोला. "करून देतो, फाईल टाकलीय" याला किंमत द्यायची नाही.

हायवेच्या आणि विमानतळाच्या नावानं विकले जाणारे प्लॉट तर विचारूच नका. सुरत-चेन्नई हायवे जिल्ह्यातून जाणार आहे हे खरं, पण तुमचा गट नंबर त्याच्यापासून किती लांब आहे, की थेट संपादनातच येतो, हे नकाशावर बघा. होटगी रोड विमानतळाच्या आसपास बांधायचं असेल तर उंचीची एनओसी लागते, सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली ती याच उंचीच्या कारणानं, तुमचा तिसरा मजला त्यात अडकू शकतो.

फ्लॅट नवीन असेल तर महारेरा नंबर, म्हणजे प्रोजेक्टच्या सरकारी नोंदणीचा नंबर, टाकून साइटवर प्रोजेक्ट बघा. करार रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर काढा. जुना फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे महापालिकेनं राहायला दिलेली परवानगी, मागा. आणि पेठेतल्या वाड्यात भाडेकरू असेल तर खरेदी झाल्यावर तो निघून जाईल असं समजू नका, तो कायद्यानं तुमचा भाडेकरू होतो.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या सह्या, हे आपल्याकडं अजून पण टाळलं जातं, "त्यांना काही नकोय, दिवाळीला येतात, साडी नेतात". असं चालत नाही. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, आणि वडील तेव्हा हयात नव्हते तरी आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला स्पष्ट केलंय. बहिणीनं हक्कसोड पत्र रजिस्टर करून दिलेलं असावं, नाहीतर खरेदीखतावर तिची स्वतःची सही असावी. आणि खरं सांगू का, भाऊ म्हणून तिला हिस्सा विचारणं हेच बरोबर आहे.

भाव ठरवताना ऐकीव गोष्टी सोडून द्या. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून त्याच बिल्डिंगचे, त्याच लेआऊटचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा गोषवारा, बघता येतात. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर पण काढा, त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली आकडा दाखवला तर घेणारा आणि विकणारा दोघांना पण इन्कम टॅक्सचा त्रास होतो. वरचा खर्च धरा: महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये, शिवाय वकील आणि एजंट. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा टॅक्स, कापून भरायचा असतो.

विकणाऱ्यांसाठी. आपल्याकडं बरीच घरं आता अशी आहेत की मुलं पुण्याला, आई-वडील गेले किंवा मुलांकडं राहायला गेले, आणि घर कुलूपबंद. पुण्यात बसून पुण्याच्या हिशोबानं भाव लावला की घर दोन-तीन वर्षं पडून राहतं आणि स्लॅब गळायला लागतो. आधी वारस नोंद करून घ्या, मिळकत कर आणि पाणीपट्टी भरून टाका, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी घेऊन उताऱ्यावरचा बोजा कमी करा. हे सगळं तयार असलं की लोनवाला गिऱ्हाईक पण चालतो, आणि आज घेणारे जास्त करून लोनवालेच असतात. रंगापेक्षा गळती काढण्यावर खर्च करा.

इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेताना कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून देऊ नका. किती रक्कम, बाकी कधी, लोन नाही झालं तर इसार परत की जप्त, हे स्पष्ट लिहा, आणि पैसे चेकनं किंवा खात्यावर घ्या, घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. दस्ताच्या झेरॉक्स प्रत्येक एजंटला वाटत बसू नका. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय चावी द्यायची नाही, "वास्तुशांतीचा मुहूर्त आहे ओ, सामान टाकू का" म्हटलं तरी नाही. घर घेऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत, धरून २० टक्के हा पर्याय पण आहे, दोन्ही हिशोब सीएकडून करून घ्या.

खरेदी झाली म्हणजे काम संपलं नाही. इंडेक्स टू हातात आला की सिटी सर्व्हेला नाहीतर तलाठ्याकडं नाव लावायचा अर्ज, महापालिकेत कराला आणि नळाला नाव, महावितरणला मीटरचं नाव, फ्लॅट असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सातबाऱ्यावर फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद पडल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, ते झाल्यावर नोंद मंजूर झाली का ते बघत राहा, आणि नवीन उतारा काढून नाव आणि क्षेत्रफळ अक्षर न अक्षर वाचा, चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज टाका.