धरण आणि नदीकाठचे पक्षी यावर लिहिताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरहून चंबळ नदी तास-सव्वातासावर, त्यामुळे थंडीतल्या रविवारी शहराच्या लष्कर भागातली निम्मी पोरं कॅमेरे लटकवून मुरैन्याजवळच्या राजघाटच्या पुलाखाली असतात आणि सोमवारी ग्रुपवर पीडीएफ येते, 'धरणाचा पक्ष्यांवर परिणाम'. त्याच त्या चुका वाचून वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहितो.

जानेवारीत मोजणी करून निकाल देणं. ही सगळ्यांची लाडकी चूक. चंबळवरचं गांधीसागर धरण 1960 चं, त्याच्या खाली राणा प्रताप सागर आणि जवाहर सागर, तिन्हींवर वीज बनते. त्यांच्या फुगवट्यावर थंडीत बदकं, वारकरी (म्हणजे कूट पक्षी), पाणकावळे दिसणारच, त्यांना साचलेलं पाणी चालतं. मग लगेच 'धरणामुळे पक्षी वाढले'. अरे, पण मार बसतो तो दुसऱ्यांनाच! पाणचिरा म्हणजे इंडियन स्किमर, नदी सुरय, काळ्या पोटाचा सुरय, छोटा आर्ली, हे सगळे उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात आणि तेही साधारण मार्च ते जून, जेव्हा आपण कूलरसमोरून हलत नाही.

ओळखीतल्या एकाचा भाचा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असाच रिपोर्ट घेऊन आला होता, रंगीत तक्ते वगैरे. म्हटलं मे महिन्यात चल, मग बोलू. तणतणत आला. काठावरून दाखवलं, एप्रिलमध्ये जे बेट चारी बाजूंनी पाण्यात होतं त्याच्या अलीकडची धार आटून नुसता ओला पट्टा राहिला होता आणि त्यावर कुत्र्यांच्या पावलांची सरळ रांग बेटापर्यंत गेलेली, येतानाची दुसरी रांग तिच्या शेजारीच. बेटावर दोन-तीन सुरय वर घिरट्या घालत ओरडत होते, खाली काही नाही. तर हे चिरंजीव म्हणतात काका, आता चालत जाता येईल, क्लोजअप घेऊ. बॅगेचा पट्टा धरून मागे ओढला. भर दुपारी हे पक्षी पोटाची पिसं नदीत भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, वाळू तापलेली असते म्हणून. तुम्ही तिथे फोटोसाठी उभे राहिलात की तेवढा वेळ अंडी उन्हात शिजतात. शॉर्टकटचा मला राग येतो तो यासाठी.

'गेट उघडलं, घरटी वाहून गेली' हे वाक्य सगळीकडे चिकटवणं. असं होतं, नाही असं नाही. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू करतात, धरणाच्या खालच्या पट्ट्यात पाणी एकदम चढतं, वाळूतली अंडी बुडतात. पण मुरैन्यापाशी हे जसंच्या तसं लागू करू नका. मध्ये कोटा बॅरेज म्हणजे कोट्याचा बंधारा आहे, तिथून पाणी दोन्ही बाजूंच्या कालव्यांत वळतं, उजव्या कालव्याचं तर आपल्या मुरैना-भिंडच्या मोहरीलाच मिळतं. त्यामुळे इथे उन्हाळ्यात रडगाणं पाणी जास्त झाल्याचं नाहीच, कमी पडल्याचं आहे, बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे, गुरं आत. आणि पावसाळ्यातला पूर शत्रू म्हणून रंगवू नका. 2019 च्या सप्टेंबरात गांधीसागर ओसंडलं तोवर इथली पिल्लं कधीच उडाली होती. उलट पूरच बेटावरचं गवत आणि झाऊची झुडपं खरवडून वाळू मोकळी करतो, नवी वाळू आणून टाकतो. धरण ती वाळू अडवून ठेवतं, हे मात्र कुणी लिहीत नाही. पार्वती, कालीसिंध, बनास या कोट्याच्या खाली मिळतात म्हणून अजून तरी काहीतरी येतंय.

माझी सवय सांगतो, दुर्बीण काढायच्या आधी बेटाच्या चारी बाजूंना पाणी आहे का ते वहीत लिहितो, मग पाण्याच्या कडेला एक काडी रोवतो आणि निघताना बघतो पाणी कुठे आलंय. शास्त्रीय वगैरे नाही, पण रिकाम्या तक्त्यापेक्षा बरं.

पुस्तकातलं पूरमैदान उतरवणं. चंबळला दोन्ही बाजूंना बीहड म्हणजे मातीच्या खोल घळी आहेत, पूर त्यातच कोंडतो. बंगाल-आसामातली मैलभर पसरलेली दलदल इथे शोधू नका, इथला खेळ बेटांचा आणि काठाचा.

सगळा दोष धरणाला देणं. 1978-79 पासून अभयारण्य आहे तरी वाळूचे ट्रॅक्टर भरून जातात, पात्रात टरबूज-काकडी लावतात. तेही लिहा.

एकाच तारखेचा सॅटेलाइट फोटो लावणं. मार्चचा आणि जूनचा शेजारी शेजारी लावा, नाहीतर लावूच नका.

तिघऱ्याचं उदाहरण देणं. जवळ आहे, कळतं मला. पण ते ग्वाल्हेरच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे वीज बनत नाही.