मृग निघायच्या आत पॉलिश आणि सिल्कीची शेंडी कातरा

मृग 7-8 जूनला निघतो. एकदा कोकणात आणि घाटमाथ्यावर झड लागली की शेडमधल्या कामाला सवड मिळत नाही. ज्यांच्याकडे पॉलिश (बाजारात ‘पॉलिश कॅप’ म्हणतात ती) किंवा सिल्की या डोक्यावर पिसांचा झुबका, म्हणजे शेंडी, असलेल्या कोंबड्या आहेत, त्यांनी बाकीची कामे मागे ठेवून या आठवड्यात दोनच गोष्टी उरकाव्यात. पक्ष्यांच्या डोळ्यांपुढची पिसे कातरावीत आणि पसरट तोंडाची पाण्याची भांडी शेडबाहेर काढावीत.

दर पावसाळ्यात शेंडीवाल्या कोंबड्या रोगाने कमी आणि ओल्या शेंडीने जास्त मरताना पाहतो. घमेल्यात नाहीतर परातीत पाणी ठेवलेले असते. कोंबडी चोच बुडवते तशी शेंडीही बुडते. तिला खाद्याची भुकटी चिकटते, ढेप होते आणि पिसे डोळ्यांवर ओघळतात. मे महिन्यात हीच शेंडी तासाभरात वाळते, जुलैत दिवसभर ओली राहते. डोळा चुरचुरतो, पाणी गळते, पापण्या चिकटतात. मग कोंबडीला खाद्य दिसत नाही आणि ती कोपऱ्यात उभी राहते. मालक म्हणतो ‘सुस्तावली’, आणि दुकानातून अँटिबायोटिक आणतो. औषध पाण्यातून द्यायचे असते, पण पाण्याचे भांडेही तिला दिसत नाही. अशी कोंबडी उचलून छाती चाचपली तर मधले हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागते आणि गळ्याची पिशवी रिकामी असते. ती उपाशी मरते.

कातरायला दोघे हवेत. एकाने कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरावी, दुसऱ्याने बोथट टोकाची कात्री घ्यावी. डोळ्यांपुढची आणि डोळ्यांखालची पिसे काढा, मागचा झुबका राहू द्या. प्रत्येक पिसाचे मूळ आधी बघा. नळी निळसर-काळी दिसली तर पीस नवे आहे, त्यात रक्त असते, त्याला हात लावू नका. चुकून कापले गेलेच तर हळद दाबून धरा आणि जखम सुकेपर्यंत कोंबडी वेगळी ठेवा. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून डोके सोलतात. रबरबँडने शेंडी बांधणे प्रदर्शनाच्या दिवसापुरते ठीक आहे. तो तसाच राहिला की आत दमटपणा धरतो आणि उवांना आयते घर मिळते. कातरताना पिसांच्या बुडाशी पांढरट गठ्ठे दिसले तर ती उवांची अंडी आहेत. ती पिसे कापून जाळा.

चिकटलेला डोळा सलाईनने पुसा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, दिवसातून दोनदा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. तोंड सुजले असेल आणि नाकातून घाण वास येत असेल, तर तो कोरायझा (कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी) असू शकतो. तिथे मीठपाण्यावर थांबू नका, पशुवैद्यक बोलवा.

पाण्यासाठी निपल (चोच लावली की थेंब देणारी तोटी) डोक्याच्या किंचित वर लावा, किंवा अरुंद तोंडाचा ड्रिंकर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला लावा. निपल फार उंच टांगले तर थेंब शेंडीवरच पडतात. खर्च नको असेल तर वाडग्यावर जाळी बांधा, चोच आत जाईल आणि शेंडी बाहेर राहील एवढी. सिल्की नवे भांडे उशिरा ओळखते, म्हणून ती नव्यावर पिऊ लागली की मगच जुने बाहेर काढा. सिल्कीची पिसे मुळातच मोकळी, पाणी अडवत नाहीत. पावसात ती कातडीपर्यंत भिजते. तिला पावसात सोडूच नका.

पॉलिशच्या शेंडीखाली कवटीचा टेंगूळ असतो आणि तिथले हाड बऱ्याचदा पूर्ण जुळलेले नसते. डार्विनने हे 1868 मध्येच नोंदवले आहे. त्यामुळे गावरान कोंबड्याबरोबर पॉलिश ठेवू नका, टेंगळावरची एक टोच तिला आडवी करते. अशा माराने मान वाकडी झाली की लोक मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) समजून सगळा कळप घाबरून विकतात. एकाच कोंबडीची मान वाकडी, विष्ठा नेहमीसारखी आणि बाकीच्या धडधाकट, तर आधी टेंगूळ बघा. चार-पाच पक्षी एकदम बसले, हिरवी विष्ठा, धाप, तर राणीखेत धरूनच चाला. आजारी वेगळे करा, विकू नका आणि सरकारी दवाखान्यात कळवा.

पावसाळ्याआधीची नेहमीची कामे:
- शेडच्या जमिनीवरची गादी 2-3 इंच, भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा, रोज उलटणे
- मुठीत दाबून गोळा राहिला तर तेवढी गादी बदलणे
- पावसाच्या बाजूला ताडपत्री, वरून हवेला फट
- डबकी बुजवणे, डासांनी कोंबड्यांची देवी पसरते
- शेडच्या फटी, लाल गोचीड दिवसा तिथे लपते
- राखेची आंघोळ, कोरड्या जागी

लसी: मरेक्स या लकवा आणणाऱ्या रोगाची पहिल्या दिवशी (सिल्की या रोगाला फार लवकर बळी पडते, उबवणी केंद्रात विचारून घ्या), लासोटा (राणीखेतची लस) 5-7 व्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो (पिल्लांची प्रतिकारशक्ती मारणारा रोग) 14 व्या दिवशी, लासोटा पुन्हा 28 व्या दिवसाच्या सुमारास, देवी 6-8 आठवड्यांत, आर-टू-बी (हीही राणीखेतची लस) 8-10 आठवड्यांत 0.5 मिली. पिल्लांना रक्ती हगवण लागली तर 20 टक्के अँप्रोलियम पावडर 0.6 ग्रॅम प्रति लिटर, तीव्र असेल तर 1.2 ग्रॅम, 3 ते 5 दिवस. त्या दिवसांत बी-1 असलेले जीवनसत्त्व देऊ नका, औषधाचा परिणाम कमी होतो.

दुकानदार पावसाळा लागला की ‘इम्युनिटी’ची आणि लिव्हरची टॉनिके पुढे करतात. त्यात घातलेला पैसा निपल आणि कोरड्या तुसावर घाला. शेंडी भरदार करणारी पावडरही मिळते. शेंडी आईबापाकडून येते, पावडरीने नाही. आगाऊ अँटिबायोटिक तर नकोच.

माझा एक अंदाज, पुरावा मागू नका. संध्याकाळी पॉलिश उगाच एकमेकींना चिकटून बसल्या की रात्री जोराचा पाऊस येतो. त्या दिवशी मी अंधार पडायच्या आधीच ताडपत्र्या ओढतो.

पिल्ले आता घेऊ नका, दिवाळीनंतर घ्या. घेताना डोक्यावर बोट फिरवा. खऱ्या पॉलिशच्या पिल्लाला उबताच टेंगूळ आणि लवेचा झुबका असतो. डोके सपाट असेल तर विक्रेता ‘मोठेपणी येईल’ म्हणेल. येत नाही.