शाळेत वारली चित्र काढताना या चुका टाळा

चित्रकलेच्या प्रकल्पासाठी एखादी लोककला निवडायची वेळ आली की महाराष्ट्रातील शाळांमध्ये बहुधा वारलीचेच नाव पुढे येते. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, चार रेघा आणि माणूस तयार, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर लाकडी बाहुल्यांसारखी ताठ माणसे उभी असतात, पांढरा रंग गेरूत मिसळून गुलाबी पडलेला असतो आणि चित्राखालच्या माहितीतील निम्मी वाक्ये ऐकीव असतात. शिक्षक आणि पालकांनी सुरुवातीलाच थोडे लक्ष दिले, तर यांतील बहुतेक दोष टळतात.

माणसे ताठ होतात ती पट्टीमुळे. विद्यार्थी पट्टी धरून एकसारखे त्रिकोण आखतात, त्यांची टोके बरोबर एकाखाली एक जुळवतात, आणि मग नाचणारा, नांगरणारा व झोपलेला माणूस एकाच साच्यातून निघतो. वारली आकृतीत वरचा त्रिकोण खांद्यांकडे रुंद असतो, खालचा नितंबांकडे, आणि दोन्हींची टोके जेथे मिळतात ती कंबर. आकृतीची सगळी हालचाल या एका बिंदूपाशी घडते. वरचा त्रिकोण किंचित कलवला की माणूस चालू लागतो, आणखी कलवला की ओझे उचलतो, आणि जवळजवळ आडवा केला की ओणवी होऊन भात लावणारी बाई दिसू लागते; तिचे हात मग खांद्याच्या कोपऱ्यातून सरळ चिखलाकडे उतरतात. म्हणून कागदाला हात लावण्यापूर्वी पाटीवर खडूने तेच दोन त्रिकोण पाच वेगवेगळ्या प्रकारे कलवून काढून घ्यावेत. हातपाय शेवटी आणि एका दमात ओढावेत, गुडघा व कोपर यांना बाक द्यावा, आणि स्त्रीच्या डोक्यामागे अंबाड्याचा लहान ठिपका विसरू नये. पट्टी दप्तरातच राहू द्यावी.

पांढऱ्या रंगाच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात. मूळ चित्रे शेणमातीने सारवून गेरू लावलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात पाणी व डिंक घालून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढली जात. शाळेतही तांदळाचे पीठ वापरून पाहण्यासारखे आहे, पण त्याचा एक स्वभाव ठाऊक असावा लागतो: ओले असताना ते अगदी फिके, जवळजवळ पाण्यासारखे दिसते आणि वाळल्यावरच पांढरे उठून येते. हे न सांगितल्याने मूल त्याच रेघेवर तीन-तीन वेळा हात फिरवते, थर जाड होतो, आणि दुसऱ्या दिवशी माणसांचे पाय पोपडे होऊन खाली पडलेले सापडतात. त्यामुळे कोपऱ्यात एक रेघ ओढून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे आणि मगच पीठ पातळ की दाट करायचे ते ठरवावे. पोस्टर कलरच्या बाबतीत उलटे होते. तो ओला असताना भरीव दिसतो, मात्र पाणी जास्त झाले असेल तर वाळताना खालचा तपकिरी रंग वर डोकावतो. साईसारखा दाट, पण ब्रशवरून सहज उतरणारा रंग योग्य समजावा.

रेघा गुलाबी होत असतील तर दोष पांढऱ्या रंगाचा नसून गेरूचा असतो. नुसत्या पाण्यात कालवलेला गेरू कागद धरून ठेवत नाही. बोट फिरवले की हाताला लागतो आणि ओला ब्रश फिरला की रेघेत मिसळतो. गेरू कालवताना त्यात डिंकाचे पाणी घालावे, कागद रात्रभर वाळू द्यावा, आणि कोरड्या बोटाला रंग लागत नाही याची खात्री करून मगच चित्र सुरू करावे. कच्ची आखणीही पेन्सिलीने करू नये, कारण गेरूवर तिची रेघ चकाकते आणि खोडायला गेले तर पार्श्वभूमीच निघून येते. खडूची पुसट रेघ पुरते.

तारपा नृत्य, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला नाच, हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय, आणि त्यात जागा हमखास चुकते: बाहेरून सुरुवात केल्याने मध्ये तारपावाल्याला जागाच उरत नाही. आधी मध्यभागी वाजवणारा काढावा, त्याच्याभोवती खडूने नागमोडी फेर आखावा, फेरावर डोक्यांचे ठिपके द्यावेत आणि मग शरीरे भरावीत. तारपा हे भोपळ्याचे फुगीर वाद्य आहे; त्याची सनई करू नये.

विषय निवडताना होणारी एक चूक मात्र ब्रशने सुधारता येत नाही. पालघट देवीचा चौक, म्हणजे देवीचे चौकटीतले चित्र, सुंदर दिसतो म्हणून तो पेनस्टँडवर किंवा भेटकार्डाच्या किनारीला काढला जातो. हा चौक लग्नघरातील विधीचा भाग आहे. तो सवासिनी काढतात आणि त्याशिवाय लग्न पुरे होत नाही. माझ्या मते शालेय प्रकल्पात तो शोभेसाठी वापरू नये. भातलावणी, मासेमारी, ताडी काढणे, मुंग्यांचे वारूळ असे विषय भरपूर आहेत. रोजच्या जगण्याची अशी चित्रे १९७० च्या दशकापासून कागदावर सातत्याने काढणारे डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे मुलांना दाखवावीत, पण गिरवायला देऊ नयेत. जाळ्याच्या बारीक रेघांनी सगळी जागा कशी भरून टाकली आहे ते पाहून विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एखादे काम तशाच दाटीने मांडावे, मग तो बाजार असो वा लोकलचा डबा.

माहितीच्या तक्त्यावर 'वारली लोक अशी चित्रे काढत असत' असे लिहिलेले मी अनेकदा वाचले आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाज आजही राहतो आणि चित्रेही काढतो, तेव्हा क्रियापद वर्तमानकाळातच हवे. ही कला नेमकी किती हजार वर्षांपूर्वीची आहे याचे आकडे इंटरनेटवरून उतरवू नयेत. गुहाचित्रांशी साम्य दिसणे हा पुरावा ठरत नाही.

पूर्ण झालेले चित्र गुंडाळून नेऊ नये, कारण गुंडाळीत पिठाचा थर तडकतो. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून, वर एक कोरा कागद घालून ते शाळेत पोहोचवावे.