गर्भपिशवीचा तुकडा तपासायला जाताना घरची तयारी

तारीख मिळाली की आधी कागदावर नेमकं काय लिहिलंय ते समजून घ्या. आपल्याकडे सगळ्यालाच ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात. पण पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरचा नमुना घेणं वेगळं, दुर्बिणीनं आत पाहणं वेगळं, पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेणं वेगळं आणि क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं वेगळं. सिस्टरला दोन गोष्टी विचाराच: भूल देणार का, आणि तुकडा तपासायला जाणार का? घरीही आधीच सांगून ठेवा की क्युरेटिंग म्हणजे पोट पाडणं नव्हे. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचंही ते करतात. गावची आशा कार्यकर्ती म्हणून मी बायांसोबत दवाखान्यात जाते, तेव्हा पाहते, सासू-जावा काय म्हणतील या धाकानं कितीतरी जणी रक्त जात असूनही गप्प बसतात. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर नुसता डाग दिसला तरी तपासायलाच हवं. कापूस वेचणी आटोपल्यावर जाऊ, असं म्हणू नका.

पॅप स्मिअर असेल तर पाळीचे दिवस टाळा. आधीचे दोन दिवस नवऱ्याजवळ जाऊ नका, योनीमार्गात गोळी किंवा मलम ठेवू नका, आतून धुऊही नका. पाळी चुकली असेल तर न लाजता सांगा, आधी लघवीची तपासणी करतील.

भूल असेल तर उपाशीपोटी जायचं, आणि घोळ इथंच होतो. पहाटेच्या एसटीनं निघायचं असतं, घरचे मायेनं म्हणतात, ‘चहा तरी घे.’ दुधाचा चहा जेवणातच मोडतो. जेवण सहा तास आधी थांबवा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली तर तीच पाळा. भूल असताना उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून एवढी ताकीद. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर पाकिटासकट सोबत न्या. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची हे आदल्या दिवशीच विचारा, मनानं काही बंद करू नका.

सिकलसेल हा रक्ताचा, आईबापाकडून येणारा आजार आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे. तुम्हाला असेल तर दवाखान्यात पाऊल ठेवताच सांगा आणि कार्ड दाखवा. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, तर अशा बाईला कळा सुरू होऊ शकतात. तुम्ही उपाशी बाकावर बसून नंबराची वाट पाहणार, म्हणून सलाईनचं आधीच विचारलेलं बरं. हिमोग्लोबिनचा कागदही ठेवा.

सोबतच्या थैलीत आधार, राशन कार्ड, जुनी सोनोग्राफी, सुती कपडा, शाल, पॅड घ्या. बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवा. नखांना रंग नको, बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होते. सोबत एखादी समजदार बाई हवीच. परत येताना मोटरसायकलवर डबलसीट नको, काळीपिवळी सांगून ठेवा.

सहीचा कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तुकड्याचा रिपोर्ट यायच्या आधीच कुणी पिशवी काढायचं म्हणालं तर ‘घाई कशासाठी?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

नंतर थोडं रक्त जातं, पोट दुखतं. पण तासाला एक पॅड भिजत असेल, ताप आला, घाण वास येऊ लागला किंवा दुखणं वाढत गेलं, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा. वावरात कधी जायचं, नवऱ्याजवळ कधी जायचं, हे निघण्याआधी विचारून घ्या.

आणि रिपोर्ट. गावातल्या एका काकूचा तुकडा घेतला, रक्त थांबलं, तिला वाटलं झालं. वेचणीच्या दिवसांत कागद तीन महिने दवाखान्यातच पडून राहिला, आणि त्यात कॅन्सर होता. तेव्हापासून मी प्रत्येकीच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रिपोर्टची तारीख स्वतः लिहून येते.