टेरियरचे केस घरी कापण्याआधी

नागपुरात टेरियरचे केस कापायचे तर होळी झाल्या झाल्या हात घाला. नवतपा लागला की दुपारी आपणच कुलरसमोरून हलत नाही, तिथे कुत्रं तासभर उभं कसं राहणार?

क्लिपर (केस कापायचं मशीन) आदल्या रात्रीच चार्जिंगला लावा आणि ब्लेडला दोन थेंब तेल द्या. स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), स्टीलचा कंगवा, चेहऱ्यासाठी बोथट टोकाची कात्री, नेलकटर, वाटीत तुरटीची पूड (नख खोल कापलं जाऊन रक्त आलं तर दाबायला) एवढं हाताशी असू द्या. टेबलावर रबरी मॅट टाकाच. पाय घसरला की टेरियर घाबरतं, मग ते दिवसभर जवळ येत नाही.

खरं काम जटा सोडवण्याचं, आणि ते आंघोळीच्या आधी. पाणी लागलं की जट आणखी आवळते. कानामागे, काखेत, गळ्याच्या पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत बोटं फिरवून बघा. सापडली की मुळाशी चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी विंचरा. खालून कात्री घालू नका. जटेबरोबर कातडी वर आलेली असते आणि ती दिसत नाही. याच वेळी कानात आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. दिसला तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका.

मग कोमट पाणी, कुत्र्यांचाच शाम्पू, आणि केस पार मुळापर्यंत वाळू द्या. ओल्या केसांवर क्लिपर चालवू नये.

ब्लेड कोणतं, यावर माझं मत पक्कं आहे. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या टेरियरला, चिंगीला, गरम होतं म्हणून तिला पार सफाचट केलं, आणि आठवड्याभरात तिची पाठ उन्हाने लाल झाली. वरचे राठ केस आणि खालची मऊ लव मिळून तिला उन्हापासून वाचवत होते. आता मी ४ एफ नंबरचं ब्लेड वापरते, साधारण ९ मिमी केस राहतात. जट राहिली असेल तर हे ब्लेड तिथेच अडकतं, म्हणून आधीची ती मेहनत. क्लिपर केसांच्या दिशेनेच चालवा आणि दर पाच मिनिटांनी ब्लेड मनगटाला लावून बघा. चटका बसला तर थांबा. क्लिपरने केस हळूहळू मऊ पडतात, रंगही फिकटतो. राठपणा टिकवायचा असेल तर मेलेले केस बोटांनी उपटायचे असतात. त्याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. ते आधी जाणत्या माणसाकडून शिकून घ्या.

दाढी आणि भुवया शेवटी, दोघांनी मिळून. माझी लेक चिंगीची हनुवटी तळहातावर धरते, मी केस कंगव्याने पुढे ओढून कापते. चिंगीने मान वळवली की कात्री खाली ठेवते. ती कंटाळली असेल तर नखं दुसऱ्या दिवशी.