ह्युमिडॉरमध्ये पाणी ओतण्याआधी या चुका टाळा

दिवाळीत दुबईहून कोणीतरी कोणासाठी सिगार आणतं आणि जानेवारीत मला फोन येतो. "काका, सिगार कडक झालेत, पेटीत पाणी किती घालू?" घालू नकोस म्हटलं की समोरचा हिरमुसतो. त्याला आकडा हवा असतो. सातपूरच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्यात माझी २२ वर्षं गेली, तेव्हा आकडे मलाही आवडतात. ते असे: ह्युमिडॉरमधली, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीतली, आर्द्रता ६५ ते ७० टक्के, तापमान १८ ते २१ अंश. पण नाशकात हे बारा महिने एकाच पद्धतीने जमत नाही. मे महिन्यातली कॉलेज रोडची दुपार, श्रावणातली ओल आणि निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी डिसेंबरची पहाट, या तीन हवांचं एकमेकींशी काही नातं नाही.

सिडर म्हणजे देवदार, असं कोणी सांगितलं तर

ह्युमिडॉरला आतून स्पॅनिश सिडर लावतात. नावात स्पेन असलं तरी झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आणि नावात सिडर असलं तरी कूळ महोगनीचं, म्हणजे आपल्या कडुनिंबाचंही. हे लाकूड ओल पितं आणि सावकाश सोडतं, वासही मंद.

माझ्या साडूला कोणीतरी पटवलं की बाहेरची पेटी कशाला, सुताराकडून निम्म्या पैशांत होते. वखारीत त्याला "सिडर म्हणजे आपला देवदारच" असं सांगून देवदाराच्या फळ्या दिल्या. गंमत म्हणजे वखारवाला खोटं बोलला नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात देवदार हाच खरा सिडर, आणि स्पॅनिश सिडर हा नावापुरता. पण देवदारातल्या तेलाचा वास उग्र असतो. भरीला सुताराने हौसेने आतूनही चकचकीत पॉलिश मारलं, त्यामुळे लाकडाने ओल घेण्याचा प्रश्नच मिटला.

दीड महिन्याने साडूने वीसातला पहिला सिगार पेटवला. मी शेजारीच होतो. उदबत्तीच्या गोदामाला आग लागावी तसा वास! मग खायचा सोडा ठेवून झाला, कॉफीची पूड ठेवून झाली, चार उन्हं दाखवून झाली. वास हलला नाही. आता त्या पेटीत मेव्हणीच्या दोन येवल्याच्या पैठण्या आहेत आणि त्यांना अजून कसर लागलेली नाही. देवदाराला ते काम छान जमतं.

म्हणून नवख्यांना मी लाकडी पेटी सुचवतच नाही. रबराची कड असलेला हवाबंद डबा घ्या (नवा, मसाल्याचा रिकामा झालेला नव्हे) आणि आत ६९ टक्क्यांची बोव्हेडासारखी पाकिटं टाका. आत ओल कमी पडली तर ती देतात, जास्त झाली तर शोषून घेतात. दिसायला शाळेचा डबा दिसतो, मान्य. पण काचेच्या झाकणाच्या बहुतेक स्वस्त पेट्या कडेने हवा सोडतात. लाकडीच हवी असेल तर दुकानात झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा. सुळकन निघाली तर पेटी तिथेच ठेवून घरी या.

पावसाळ्यात स्पंज भिजवणं

ही चूक माझी स्वतःची. पहिल्याच वर्षी जुलैत पेटीतला ओल देणारा स्पंज काठोकाठ भिजवून आठ दिवस इगतपुरीला बहिणीकडे गेलो. परत आलो तर आर्द्रतेचा मीटर ८१ वर आणि नऊ सिगारांवर हिरवट केसाळ थर. "हे तेल बाहेर आलंय, उत्तम लक्षण आहे" असं सांगणारे शहाणे भेटतील. हिरवं आणि केसाळ ते बुरशीच. फेकून द्या.

खोलीचीच हवा ऐंशीच्या वर असताना स्पंज काय करणार? त्याला फक्त द्यायचं माहीत, घ्यायचं नाही. माझा रिवाज सोपा आहे: मृग लागला की स्पंज बाहेर, दसऱ्यानंतर पुन्हा आत. मधल्या काळात पाकिटं सांभाळतात.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी स्पंज वर्षभरात बुजतो.

नवीन लाकडी पेटीत सिगार भरण्याआधी डिस्टिल्ड पाण्याची वाटी ठेवून झाकण लावायचं आणि दोन आठवडे विसरायचं. ओलं फडकं मारून दुसऱ्या दिवशी सिगार भरणाऱ्यांची झाकणं वाकतात. मला त्यांची कीव येत नाही.

बाकीच्या

काटेवाला मीटर शोभेचा असतो. डिजिटल घ्या आणि तोही तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून दाट चिखल, मग ते आणि मीटर एका बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दिसायला हवं. ७१ दिसलं तर मीटर चार कमी सांगतोय, एवढं झाकणावर लिहून ठेवा.

उन्हाळ्यात चोवीस-पंचवीस अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबायला लागतात. हाच तो बारीक तपकिरी किडा जो हळदीच्या डब्यातही निघतो. सिगारला टाचणीएवढं भोक दिसलं की सगळे सिगार दुहेरी पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये. कायमचे मात्र फ्रिजमध्ये नकोत. तिथली हवा कोरडी आणि शेजारी लसणाची चटणी. गंगापूर रोडच्या बऱ्याच घरांत वाइनचा छोटा फ्रिज शोभेला असतो, तो १८ अंशांवर लावून त्यात डबा ठेवा.

व्हॅनिला वगैरे वासाचे सिगार वेगळ्या डब्यात. पेटी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर नको.

राहिला जानेवारीचा तो फोन. वाळलेल्या सिगारला एकदम ओल दिली की आतला भरणा फुगतो आणि वरचं नाजूक पान चिरतं. आधी ६२ चं पाकीट पंधरा दिवस, मग ६५ चं पंधरा दिवस, मग ६९. परवा एकाला हे सगळं समजावून सांगितलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन: "काका, इडलीपात्रात दोन मिनिटं वाफ दिली तर?"